नकाशाला विचारावयाचा प्रश्न : भूकंपाच्या नोंदी आणि प्रश्नचिन्हापुढील अक्षरे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास महाराष्ट्रातील लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून माणसे घरोघर झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर कोसळल्या आणि किल्लारी व आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ही तारीख त्या भागातील कोणीही विसरलेले नाही.

परंतु आज एखाद्या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या भूकंपसूचीकडे ३० सप्टेंबर १९९३ या दिवसाच्या नोंदी मागितल्या, तर किल्लारीचा हा मुख्य धक्का त्याच्या नकाशावर उमटत नाही. सूचीत ती नोंद नाही असे नव्हे. ती आहे, आणि तिची महत्ताही ६·२ अशी व्यवस्थित दिलेली आहे. संगणकाकडूनही काही चूक झालेली नसते. त्याला जे विचारले गेले, त्याचेच उत्तर त्याने दिलेले असते. दोष असतो तो प्रश्नाच्या रचनेत. हा प्रश्न कसा रचला जातो आणि तो कोठे चुकतो, हे समजून घेण्यासाठी ज्याला सर्वजण केवळ ‘पत्ता’ म्हणतात त्या अक्षरांच्या ओळीकडे जरा बारकाईने पाहावे लागेल.

महाजालावरील प्रत्येक पानाला एक पत्ता असतो. त्याला यूआरएल असे म्हणतात. या पत्त्याची रीतसर व्याख्या करणारा लेख टिम बर्नर्स-ली आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ च्या डिसेंबर महिन्यात प्रसिद्ध केला. पत्त्याच्या पहिल्या भागात कोणत्या संगणकाशी बोलावयाचे ते सांगितलेले असते, तर त्यापुढे त्या संगणकावरील कोणत्या दालनात जावयाचे ते. घराच्या पत्त्याला इतके पुरते. नकाशाला मात्र ते पुरत नाही. लक्षावधी नोंदींचा संग्रह ज्याच्यापाशी आहे, त्याच्या दारात जाऊन नुसते उभे राहिल्याने काय हवे ते कळत नाही. मागणी करावी लागते. म्हणून पत्त्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह लिहितात आणि त्यापुढे मागणीचा तपशील देतात.

सार्वजनिक ग्रंथालयातील मागणीपत्रक सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यावर ‘ग्रंथाचे नाव’, ‘लेखक’, ‘विषय’ अशी शीर्षके छापलेली असतात आणि प्रत्येक शीर्षकासमोर वाचक आपली मागणी लिहितो. प्रश्नचिन्हापुढील मजकूर म्हणजे नेमके असेच एक मागणीपत्रक होय. फक्त ते एका ओळीत, मोकळी जागा न सोडता लिहिलेले असते. प्रत्येक शीर्षकाला ‘प्राचल’ म्हणतात. प्राचलाचे नाव, त्यापुढे बरोबरीचे चिन्ह आणि त्यापुढे मूल्य अशी एक जोडी होते. दोन जोड्यांच्या मध्ये ‘&’ हे चिन्ह घालतात. प्रत्यक्ष पत्त्यात सर्व अक्षरे व अंक रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी ते देवनागरीत दिले आहेत. उपर्युक्त संस्थेच्या सूचीला विचारावयाचा एक साधा प्रश्न असा दिसेल :

?फॉरमॅट=सीएसव्ही&स्टार्टटाइम=१९९३-०९-३०&एंडटाइम=१९९३-१०-०१&मिनमॅग्निट्यूड=५

याचा अर्थ असा की, ३० सप्टेंबरच्या आरंभापासून १ ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत झालेले, ५ किंवा त्याहून अधिक महत्तेचे भूकंप तक्त्याच्या स्वरूपात द्यावेत. ‘फॉरमॅट’ या प्राचलाचे मूल्य बदलले की त्याच नोंदी तक्त्याऐवजी नकाशावर थेट मांडता येतील अशा स्वरूपात मिळतात. भूकंपाची महत्ता म्हणजे त्याच्या उगमाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. एखाद्या गावी जाणवलेल्या हादऱ्याची तीव्रता ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि वृत्तपत्रांतून या दोहोंची गल्लत नेहमी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक मूल्यासोबत त्याचे नाव लिहिलेले असल्यामुळे जोड्यांचा क्रम कसाही असला तरी चालतो. महत्ता आधी आणि तारीख नंतर लिहिली, म्हणून उत्तरात फरक पडत नाही. नावे नसती आणि केवळ क्रमावर भिस्त असती, तर एक आकडा मागेपुढे होताच सारा अर्थ बिघडला असता.

ही कल्पना नकाशांच्या बाबतीत फार लवकर अवतरली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्टीव्ह पुट्झ यांनी १९९३ च्या जून महिन्यात महाजालावर एक नकाशा उपलब्ध करून दिला. पाहणाऱ्याने नकाशावर एखाद्या ठिकाणी बोट ठेवल्याप्रमाणे खूण केली, की नवा पत्ता तयार होई. त्या पत्त्यातच मध्यबिंदूचे अक्षांश व रेखांश लिहिलेले असत. दूरचा संगणक ते आकडे वाची, तेवढ्या भागाचे चित्र नव्याने काढी आणि पाठवून देई. ती सेवा केव्हाच बंद पडली आहे, पण तिची युक्ती टिकली. पुढे २००० साली भूस्थानिक मानके ठरविणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने ‘वेब मॅप सर्व्हिस’ या नावाने नकाशा मागण्याची एक समान रीत ठरवून दिली. कोणता थर हवा, कोणता चौकोन हवा, चित्राची रुंदी-उंची किती, हे सर्व पत्त्यातील प्राचलांनीच सांगावयाचे, असा तो नियम. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या २००९ साली सुरू झालेल्या नकाशासेवेतही या रीतीने थर मागता येतात. भूकंपशास्त्रज्ञांनीही आपल्यापुरती अशीच रीत ठरविली. त्यामुळे अमेरिकेतील सूचीला विचारलेला प्रश्न, केवळ पत्त्याचा आरंभ बदलून, इटलीच्या राष्ट्रीय भूभौतिकी व ज्वालामुखी संस्थेलाही विचारता येतो. सूची दोन, संस्था दोन, देश दोन. पण मागणीपत्रक एकच. विज्ञानात अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या करारांचे मोल फार मोठे असते.

आता किल्लारीच्या नोंदीकडे वळू. भूकंपाच्या लाटा एका देशाची सीमा पाहून थांबत नाहीत. त्या पृथ्वीच्या पोटातून जगभरच्या भूकंपमापकांपर्यंत पोहोचतात. अशा घटनेची वेळ प्रत्येकाने आपापल्या घड्याळाप्रमाणे लिहिली, तर नोंदींचा मेळ बसणे अशक्य होईल. म्हणून भूकंपशास्त्रात सर्व वेळा समन्वित जागतिक वेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार लिहिण्याचा प्रघात आहे. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे असते. पहाटेच्या ३ वाजून ५६ मिनिटांतून साडेपाच तास वजा केले, तर आदल्या रात्रीचे १० वाजून २६ मिनिटे होतात, आणि तारीख येते २९ सप्टेंबर. किल्लारीतील लोकांची पहाट जगाच्या घड्याळात अद्याप उगवलेलीच नव्हती. वर दिलेल्या प्रश्नात कालमर्यादा ३० सप्टेंबरच्या आरंभापासून घातलेली आहे. हा आरंभ यूटीसीचा, म्हणजे भारतात सकाळी साडेपाचचा. तोवर मुख्य धक्का बसून दीड तासाहून अधिक काळ लोटला होता.

हा एखाद्याच घटनेपुरता योगायोग असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु भारतातील अलीकडच्या काही मोठ्या भूकंपांच्या तारखा तपासून पाहाव्यात. उत्तरकाशीचा भूकंप २० ऑक्टोबर १९९१ रोजी, मध्यरात्रीनंतर तीन वाजण्याच्या सुमारास झाला. यूटीसीनुसार तो १९ ऑक्टोबरचा. त्यानंतर किल्लारी. मग २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर. सूचीत तारीख २१ मे. त्यानंतर २९ मार्च १९९९ रोजी मध्यरात्र उलटून सुमारे अर्धा तास होतो न होतो तोच चमोली. सूचीत २८ मार्च. आणि या सर्वांच्या आधीचा, महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा कोरला गेलेला कोयनेचा भूकंप : ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे, सूचीत १० डिसेंबर. हे पाचही भूकंप भारतीय तारखेने शोधणाऱ्याच्या हातून निसटतात. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप तेवढा सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला, म्हणून त्याची तारीख दोन्ही घड्याळांत एकच राहिली.

यावरून भूकंप पहाटेच होतात, असा तर्क मात्र कोणी करू नये. भूगर्भाला दिवस-रात्र ठाऊक नाही. दिवसाचे एकूण ४८ अर्धे तास. त्यांपैकी मध्यरात्रीपासून सकाळी साडेपाचपर्यंतचे ११ अर्धे तास यूटीसीनुसार आदल्या तारखेत मोडतात. म्हणजे केव्हाही होणाऱ्या भूकंपांपैकी सुमारे एक-चतुर्थांशाच्या किंचित आत एवढ्या घटनांची तारीख बदलणार, हे गणितच आहे. पाच मोठ्या घटना एका मागोमाग त्याच प्रहरी घडल्या, हा मात्र योगायोगच. आणि झोपेच्या वेळी घरे कोसळल्यामुळे प्राणहानी वाढली, ही त्या योगायोगाची जबर किंमत.

ही चूक टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सरळ आहे : कालमर्यादा एक दिवस आधीपासून धरावी.

?स्टार्टटाइम=१९९३-०९-२९&एंडटाइम=१९९३-१०-०१&मिनमॅग्निट्यूड=५

दुसरा मार्ग अधिक काटेकोर आहे. वेळेच्या पुढे ती कोणत्या घड्याळाची आहे हे लिहिता येते. भारतीय वेळेसाठी ‘+०५:३०’ असे. पण येथे आणखी एक खाचखळगा आहे. पत्त्यात मोकळी जागा लिहिता येत नसल्यामुळे फार पूर्वीपासून प्रश्नचिन्हापुढील मजकुरात अधिक-चिन्हाचा अर्थ ‘मोकळी जागा’ असा करण्याची प्रथा पडली आहे. लिहिणाऱ्याने अधिक-चिन्ह घातले, तरी वाचणाऱ्या संगणकाला तेथे पोकळी दिसू शकते. म्हणून खरोखरीचे अधिक-चिन्ह पाठवावयाचे असल्यास त्याचा सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो. संगणकाच्या अक्षरसंकेतात त्याचा क्रमांक ४३ असून षोडशमान पद्धतीत तो ‘२बी’ असा लिहितात. त्यापूर्वी टक्क्याचे चिन्ह जोडले की झाले ‘%२बी’. मग प्रश्नाचा आरंभ असा होतो :

?स्टार्टटाइम=१९९३-०९-३०टी००:००:००%२बी०५:३०

मधले ‘टी’ हे अक्षर तारीख आणि वेळ यांना विभागते. ही ओळ डोळ्यांना फारशी सुखद नाही, हे खरे. परंतु संगणकाला ती निःसंदिग्ध वाटते.

न लिहिलेल्या प्राचलांविषयीही एक शब्द सांगावयास हवा. मागणीपत्रकातील एखादी जागा रिकामी सोडली, तर ग्रंथपाल वाचकाला विचारतो. संगणक विचारीत नाही. तो ठरलेले मूल्य स्वतःच भरतो. या सूचीत ‘स्टार्टटाइम’ दिला नाही, तर गेल्या तीस दिवसांपासूनचा काळ धरला जातो. एखाद्या विद्यार्थ्याने भारताचा चौकोन आखून ‘महत्ता ६ किंवा अधिक’ एवढेच लिहिले आणि कोरा नकाशा पाहून ‘भारतात मोठे भूकंप होत नाहीत’ असा निष्कर्ष काढला, तर त्याने तीस दिवसांच्या निरीक्षणावर साऱ्या इतिहासाचे अनुमान बांधले असे होईल. आणि आपण तसे केले, याची त्याला कल्पनाही नसेल. याच्या उलट मागणी फार मोठी झाली, तर या सूचीचा संगणक एका वेळी २०,००० हून अधिक नोंदी देण्याचे नाकारतो. नकार निदान दिसतो तरी. न दिसणाऱ्या गृहीतांचा धोका अधिक.

काळाप्रमाणे स्थळही प्राचलांनीच निवडावयाचे. त्यासाठी चार आकडे पुरतात : किमान व कमाल अक्षांश, किमान व कमाल रेखांश. महाराष्ट्रासाठी ढोबळ मानाने अक्षांश १५·६ ते २२·१ आणि रेखांश ७२·६ ते ८०·९ असे घेता येतील. परंतु राज्याची सीमा वेडीवाकडी आणि चौकोन सरळ; त्यामुळे याच चौकोनात हैदराबाद आणि सुरत ही शहरेही येतात. केवळ चौकोन आखून ‘महाराष्ट्रातील भूकंप’ अशी यादी केली, तर तीत शेजाऱ्यांच्या नोंदी मिसळतात आणि त्या नंतर हाताने वेगळ्या कराव्या लागतात. एखाद्या गावाभोवतालचा प्रदेश हवा असल्यास मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश आणि किलोमीटरमधील त्रिज्या देऊन वर्तुळ मागता येते. किल्लारीच्या भूकंपाचे अपिकेंद्र, म्हणजे उगमाच्या नेमके वर असलेले भूपृष्ठावरील स्थान, सुमारे १८·०७ उत्तर अक्षांश व ७६·४५ पूर्व रेखांश येथे होते. हेच दोन आकडे उलटसुलट झाले, तर वर्तुळ उत्तर ध्रुवाकडे, स्पिट्सबर्गेन बेटाच्या दक्षिणेकडील थंडगार समुद्रात जाऊन पडते! ही चूक हास्यास्पद वाटली तरी दुर्मिळ नाही. कारण प्रश्नात नावे असल्यामुळे क्रमाची चिंता नसली, तरी नकाशासाठी मिळणाऱ्या उत्तरात मात्र रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असा ठरलेला क्रम असतो. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात याच्या उलट शिकविले जाते.

आता महत्तेचे प्राचल. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी भरू लागल्यानंतर त्या परिसरात लहान धक्के बसू लागले, आणि १९६७ च्या मोठ्या भूकंपात सुमारे दोनशे माणसे दगावली. जलाशय आणि भूकंप यांचा संबंध अभ्यासणाऱ्यांना जगात कोयनेइतके महत्त्वाचे ठिकाण क्वचितच आढळेल. तेथील लहान धक्के स्थानिक भूकंपमापकांनी मोठ्या संख्येने टिपलेले आहेत. परंतु हजारो मैलांवरील संस्थेच्या सूचीत ‘मिनमॅग्निट्यूड=२’ असे लिहून ते सारे मिळतील, ही अपेक्षा व्यर्थ होय. दूर देशांतील साधारण साडेचारहून लहान भूकंप जागतिक सूचीत सर्वच्या सर्व येत नाहीत. लहान लाटा वाटेतच क्षीण होतात. प्राचलात कितीही लहान आकडा लिहिता येतो, पण त्यामुळे सूचीत नसलेली नोंद निर्माण होत नाही. म्हणून कोरा नकाशा समोर आल्यावर तीन निरनिराळ्या शक्यता तपासाव्या लागतात : खरोखरच काही घडले नसेल, घडलेले टिपले गेले नसेल, किंवा टिपलेले असूनही प्रश्नाने ते वगळले असेल. यांपैकी तिसरी शक्यता पाहणाऱ्याच्या हातातली आहे.

ज्यांना अशी ओळ हाताने लिहावयाची नसेल, त्यांच्यासाठी याच संस्थेने पडद्यावर हलविता येईल असा नकाशा ठेवला आहे. तो बोटाने सरकविला, मोठा-लहान केला, की वरच्या पत्त्यातील आकडे आपोआप बदलताना दिसतात. ‘एक्स्टेंट’ हे प्राचल तेथे दोनदा येते : एकदा नैर्ऋत्येकडील कोपऱ्यासाठी, एकदा ईशान्येकडील कोपऱ्यासाठी. किती दिवसांचे व किती महत्तेचे भूकंप दाखवावयाचे हेही प्राचलांनीच ठरते. ‘टाइमझोन’ या प्राचलाने नकाशावरील वेळ कोणत्या घड्याळाची आहे ते ठरते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी मिळून तयार केलेल्या नकाशात अशाच खुणा प्रश्नचिन्हाऐवजी ‘#’ या चिन्हापुढे लिहिलेल्या आढळतात. दोहोंत भेद आहे. प्रश्नचिन्हापुढील मजकूर दूरच्या संगणकाकडे जातो. ‘#’ पुढील मजकूर पाहणाऱ्याच्या ब्राउझरपाशीच राहतो आणि नकाशा कोठे उघडावयाचा एवढेच त्याला सांगतो.

या साऱ्याचा व्यावहारिक लाभ असा की, जो नकाशा एकाने पाहिला तोच दुसऱ्याला दाखविण्यासाठी चित्र पाठवावे लागत नाही. एक ओळ पाठविली तरी पुरते. ती शाळेच्या फळ्यावर लिहिता येते, वहीत उतरवून घेता येते, प्रबंधाच्या तळटीपेत छापता येते. वाचणाऱ्याला तीतील प्रत्येक अट उघड्या डोळ्यांनी तपासता येते, आणि एखादी अट चुकीची वाटल्यास तेवढीच बदलून पुन्हा विचारता येते. मात्र ओळ तीच असली तरी उत्तर कायम तेच राहील, असे गृहीत धरता येत नाही. नव्याने अभ्यास होऊन एखाद्या जुन्या भूकंपाची महत्ता सुधारली जाते, अपिकेंद्र काही किलोमीटर सरकते. म्हणून सावध अभ्यासक पत्त्याखाली आणखी एक नोंद करून ठेवतो : हा प्रश्न कोणत्या दिवशी विचारला ती तारीख, आणि ती कोणत्या घड्याळाची हेही.